हुकूम आवाजाचा, ताकद विजेची

प्रश्न थोडक्यात असा आहे: आवाज म्हणजे हवेची कंपनं. एडिसनचा फोनोग्राफ हाताने फिरवायचा, चावीचा ग्रामोफोनही विजेशिवाय वाजायचा. मग आवाज टिपणं आणि दूर पाठवणं विजेमुळे शक्य झालं असं का म्हणतात? आणि जोडीला एक उपप्रश्न: घरात आजोबांच्या वेळच्या लाखेच्या तबकड्या आहेत, त्या विजेने मुद्रित केलेल्या की त्याआधीच्या, हे ओळखायचं कसं?

विचारणाऱ्याची माहिती बरोबर आहे. नुसता आवाज साठवायला वीज लागत नाही. १८७७ पासून १९२५ पर्यंत बाजारात आलेल्या जवळजवळ सगळ्या तबकड्या आणि मेणाच्या नळकांड्या विजेच्या मदतीशिवायच मुद्रित झाल्या. विजेने केलेलं काम निराळं आहे. तिने आवाजाला अंगमेहनतीतून सोडवलं. आधी तबकडी कोरायची तर ती कोरण्याचा जोरसुद्धा गाणाऱ्याच्या गळ्यातूनच यावा लागे. वीज आली आणि आवाजाकडे फक्त हुकूम सोडायचं काम उरलं. राबायला बॅटरी आली. माझं आयुष्य स्टुडिओत माईक लावण्यात आणि टेप कापण्यात गेलं, आता जुन्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, तबकड्या संगणकावर उतरवून देतो. दोन्ही कामांत हा फरक रोज कानाला जाणवतो, म्हणून उत्तर जरा लांबलं तरी त्याच धाग्याने जातो.

आधी विजेशिवायचा काळ बघू. पॅरिसच्या स्कॉट द मार्तेंव्हिलने १८५७ मध्ये काजळी धरलेल्या कागदावर आवाजाची रेघ उमटवली, पण ती पुन्हा वाजवायची सोय त्याच्याकडे नव्हती. वीस वर्षांनी एडिसनने कथलाच्या वर्खावर आवाज टिपला आणि वाजवूनही दाखवला. १८८७ मध्ये एमिल बर्लिनरने नळकांड्याऐवजी सपाट तबकडी आणली. आपल्याकडे १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा मुद्रक फ्रेड गाइसबर्ग कोलकात्याला आला आणि त्याने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं, ते याच बिनविजेच्या पद्धतीने. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात.

या मुद्रणाची खोली कशी असे ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. भिंतीतून किंवा पडद्यातून एक मोठा कर्णा बाहेर आलेला. पलीकडे त्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला जोडलेली कोरणी, आणि कोरणीखाली फिरणारी मेणाची जाड तबकडी. मेण मऊ राहावं म्हणून ते आधी ऊबेत ठेवत. तबकडी एकसारख्या वेगाने फिरावी म्हणून घड्याळासारखं वजन सोडलेलं असे. वजन सावकाश खाली येई आणि चक्र फिरे. गाणाऱ्याने तोंड कर्ण्यात घालून गायचं. तान वर गेली की मागे सरायचं, नाहीतर कोरणी मेणात वेडीवाकडी घुसायची. खालच्या सुरावर पुन्हा पुढे यायचं. काही वेळा हे पुढेमागे करायला गायकाला धरून हलवणारा माणूसही उभा असे. साथीदार कर्ण्याभोवती दाटीवाटीने. युरोपात व्हायोलिनचा आवाज कर्ण्यापर्यंत धड पोहोचेना म्हणून ऑगस्टस स्ट्रोने १८९९ मध्ये लाकडी पेटीऐवजी धातूचा भोंगा बसवलेलं व्हायोलिन तयार केलं. वाद्याचं रूप बदलून टाकायची पाळी यावी, इतकी ही अडचण खोल होती.

अडचण ताकदीची होती. साध्या बोलण्यात आपल्या तोंडून जी ध्वनिशक्ती बाहेर पडते ती साधारण दहा मायक्रोवॅट, म्हणजे एका वॅटचा एक लाखावा भाग. दहा लाख माणसं एकदम बोलू लागली तरी सगळ्यांची मिळून दहाएक वॅट. खड्या आवाजाचा गायक यापेक्षा पुष्कळ जास्त देतो, तरी कर्ण्यात शिरेल तेवढ्याच शक्तीवर पडदा हलवायचा, कोरणी हलवायची आणि मेण कापायचं. कर्णा स्वतःचे काही सूर वाढवतो, काही गिळतो. त्यामुळे बिनविजेच्या तबकडीवर ढोबळमानाने सेकंदाला २५० ते २५०० कंपनं, म्हणजे २५० ते २५०० हर्ट्झ, एवढाच पट्टा नीट उतरे. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा षड्ज १३८ हर्ट्झच्या आसपास असतो, तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर. डग्ग्याचा घुमारा शंभराच्या आत-बाहेर. म्हणजे आपल्या संगीताचा पायाच त्या पट्ट्याबाहेर राहिला. त्या काळच्या तबकड्यांत तबला टकटक वाजतो, डग्गा जवळजवळ नसतोच, तंबोरा तर शोधावा लागतो. वरच्या बाजूला स, श, च या अक्षरांची धार बोथट. ऐकणारे म्हणतात, गायक लांब विहिरीतून गातोय असं वाटतं. गायक बिचारा कर्ण्यात तोंड घालून जिवाच्या आकांताने गात होता.

आता वीज. पाया दोन शोधांनी घातला. १८२० मध्ये कोपनहेगनच्या ओरस्टेडला दिसलं की तारेतून वीज गेली की शेजारचं होकायंत्र हलतं. १८३१ मध्ये लंडनला मायकेल फॅरेडेने उलटी बाजू दाखवली: चुंबकाजवळ तार हलवली की तारेत वीज उपजते. हालचालीतून वीज आणि विजेतून हालचाल, असे दोन्ही रस्ते मोकळे झाले. आवाज ही हालचालच असल्यामुळे त्याची वीज करता येणार आणि त्या विजेचा पुन्हा आवाज करता येणार, हे तत्त्वतः तेव्हाच ठरलं होतं.

हे घरी बघता येतं. जुन्या रेडिओतला एखादा चार इंची स्पीकर घ्या. त्याच्या दोन टोकांना काट्याचा मल्टिमीटर लावा आणि तो सगळ्यात लहान मायक्रोॲम्पियर रेंजवर ठेवा. स्पीकरचा कागदी कोन बोटांनी हलकेच आत दाबा: काटा एका बाजूला उसळेल. सोडा: उलट्या बाजूला. बॅटरी कुठेच नाही, काटा हलवणारी वीज तुमच्या बोटाने तयार केली. कोनाच्या मागे तारेचं वेटोळं आहे, ते चुंबकाच्या फटीत मागेपुढे होतं, एवढंच. तोच स्पीकर ॲम्प्लिफायरच्या माईकच्या सॉकेटला जोडला तर त्यात बोललेलं दुसऱ्या स्पीकरमधून ऐकू येईल. आवाज जरा घोगरा येतो, पण शब्द कळतात. बाजारातल्या स्वस्त इंटरकॉममध्ये बोलायला आणि ऐकायला एकच स्पीकर असायचा, तो याच जोरावर.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलला टेलिफोनचं पेटंट ७ मार्च १८७६ रोजी मिळालं आणि तीन दिवसांनी, १० मार्चला, शेजारच्या खोलीतल्या वॉटसन या त्याच्या मदतनीसाला त्याचे शब्द तारेतून समजले. त्या दिवशीच्या यंत्रात पडद्याला जोडलेली सुई आम्ल घातलेल्या पाण्यात बुडवलेली होती. पण बेलने पुढे जे टेलिफोन विकायला काढले ते चुंबकाचे होते, म्हणजे आपल्या वरच्या स्पीकरसारखेच. त्यात बॅटरी नव्हती. बोलणाऱ्याच्या आवाजातून जेवढी वीज तयार होई तेवढीच तारेतून पलीकडे जाई. मूळचे दहा मायक्रोवॅट, त्यातला थोडा भाग वीज झाला, त्यातला बराच तारेत जिरला, उरलेला पलीकडच्या कानात. बिनविजेच्या कर्ण्याचीच ही अडचण होती, फक्त मधे तार आली होती. वीज होती, पण आवाज अजूनही स्वतःच राबत होता.

खरी कलाटणी कार्बनने दिली, आणि माझ्या मते ध्वनीच्या इतिहासात तिचं जेवढं नाव घेतलं जातं त्यापेक्षा फार जास्त घ्यायला हवं. १८७७-७८ च्या सुमारास एडिसन, बर्लिनर आणि इंग्लंडचा डेव्हिड ह्यूज, तिघेही वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी पोहोचले. या कल्पनेचं पुढे रूढ झालेलं रूप असं: कार्बनचे कण सैलसर भरायचे, त्यांच्यावर पडदा टेकवायचा आणि त्यांच्यातून बॅटरीची वीज सोडायची. पडदा दाबला गेला की कण एकमेकांना घट्ट भिडतात, अडथळा कमी होतो, वीज जास्त वाहते. पडदा मागे आला की उलट. आता तारेतली वीज आवाजाने तयार केलेली नाही. ती बॅटरीची आहे. आवाज फक्त ती कमी-जास्त करतो. म्हणून बोलणाऱ्याने कार्बनला दिलेल्या शक्तीपेक्षा कितीतरी जास्त शक्ती तारेत मिळते. हुकूम एकाचा, ताकद दुसऱ्याची, ही व्यवस्था इथून सुरू झाली.

काळे डायलचे फोन वापरलेल्यांना आठवेल, आवाज बसका यायला लागला की रिसीव्हर तळहातावर दोनदा आपटला की सुधारायचा. आत कार्बनचे कण दमटपणाने आणि वापराने चिकटून बसलेले असत, आपटल्यावर सैल होत. आणि घरातली वीज गेली तरी फोन चालायचा, कारण कार्बनला लागणारी वीज एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांमधून त्याच दोन तारांवरून येई. मुंबई, कोलकाता आणि मद्रासची एक्स्चेंज २८ जानेवारी १८८२ रोजी सुरू झाली, म्हणजे बेलच्या पेटंटनंतर सहाच वर्षांत.

पण कार्बनने सुरुवातीची ढकल दिली, वाटेतली झीज भरून काढता येईना. तारेत मैलागणिक आवाज खंगत जातो. जाड तांबं, वाटेत ठरावीक अंतरावर वेटोळी, असे उपाय करत अमेरिकेत १९११ पर्यंत न्यूयॉर्कहून डेन्व्हरपर्यंत मजल गेली आणि तिथे थांबली. थकलेल्या आवाजाला वाटेत पुन्हा ताजा करणारं काहीतरी हवं होतं.

ते १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टने बनवलं, त्याचं नाव त्याने ऑडिऑन ठेवलं. आपण त्याला व्हॉल्व्ह म्हणतो. काचेच्या निर्वात नळीत तापलेली फिलामेंट, समोर धातूची प्लेट. फिलामेंटमधून सुटलेले इलेक्ट्रॉन प्लेटकडे धावतात. मधे तारेची जाळी, तिला ग्रिड म्हणतात. ग्रिडवर जरासा ऋण दाब आला की प्रवाह अडतो, दाब कमी झाला की मोकळा होतो. पाटाच्या पाण्याचं दार जसं एका माणसाने बोटभर वरखाली केलं की शेकडो एकरांना जाणारं पाणी कमी-जास्त होतं, तसंच. दार हलवायला लागणारा जोर आणि पाण्याचा जोर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण पाण्याची चाल मात्र दाराच्या हुकमाबरहुकूम. कार्बनही हेच करतो, पण त्याला हलवायला हवेचा पडदा लागतो आणि तो खरखर करतो. व्हॉल्व्हला विजेनेच हलवता येतं. त्यामुळे एका व्हॉल्व्हमधून निघालेली वीज पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, तिथून तिसऱ्याच्या, अशी ओळ लावता येते. आवाज हजारपट, लाखपट वाढवता येतो आणि हुकूम शाबूत राहतो.

डी फॉरेस्टच्या नळीत बरीच हवा उरलेली असे आणि ती लहरी वागे. टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॅरल्ड अर्नोल्डने १९१२-१३ मध्ये ती पक्की निर्वात करून कामाची केली. २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को अशी सुमारे साडेपाच हजार किलोमीटरची लाइन सुरू झाली. उद्घाटनाला न्यूयॉर्कहून बेल आणि सॅन फ्रान्सिस्कोहून वॉटसनच बोलले. एकोणचाळीस वर्षांपूर्वी दोघांमधे एक भिंत होती. लाइनवर असे वर्धक, म्हणजे आवाज वाढवणारे व्हॉल्व्हचे संच, वाढत गेले तसा प्रत्येकाने मिसळलेला थोडा थोडा बिघाडही साठत गेला. त्यावर हॅरल्ड ब्लॅक या टेलिफोन अभियंत्याला २ ऑगस्ट १९२७ रोजी हडसन नदीच्या फेरीबोटीवर तोड सुचली, आणि त्याने ती हातातल्या वर्तमानपत्रावरच लिहून काढली: वाढवलेल्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून पुन्हा सुरुवातीला परत द्यायचा, म्हणजे वर्धक स्वतःची चूक स्वतःच कापतो. आज तुमच्या घरातल्या जवळजवळ प्रत्येक ॲम्प्लिफायरमध्ये हे आहे.

ध्वनिमुद्रणाला वीज मिळाली ती टेलिफोनवाल्यांकडून. तबकड्यांच्या कंपन्या कर्णे सुधारत बसल्या होत्या. लांब पल्ल्याचा आवाज स्वच्छ हवा म्हणून वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ई. सी. वेंटेने १९१६ मध्ये कंडेन्सर मायक्रोफोन बनवला. एक ताणलेला धातूचा पडदा, त्याच्यामागे केसाएवढ्या अंतरावर धातूची पाटी, दोघांवर वीजभार. पडदा हलला की अंतर बदलतं आणि त्याबरोबर विजेचा दाब. यातून निघणारा इशारा अतिशय क्षीण, व्हॉल्व्ह नसता तर निरुपयोगीच. पण तो कार्बनसारखी खरखर करत नाही आणि खालच्या-वरच्या सुरांना सारखंच वागवतो. जोसेफ मॅक्सफील्ड आणि हेन्री हॅरिसन यांनी पुढची पायरी घेतली: माईक, व्हॉल्व्हचा वर्धक आणि विजेच्या चुंबकाने हलणारी कोरणी, अशी पूर्ण साखळी. कोरणीसारख्या यांत्रिक वस्तूचंही त्यांनी टेलिफोन लाइनच्या गणिताने मोजमाप केलं आणि सगळे दुवे एकमेकांना जुळवले. १९२५ मध्ये व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनी ही पद्धत घेतली. आता पट्टा साधारण १०० पासून ५००० हर्ट्झपर्यंत गेला. त्याच वर्षी राइस आणि केलॉग यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये आजच्या घडणीचा, वेटोळं आणि कागदी कोन असलेला स्पीकर कामाला लावला.

आणि गाणं बदललं. हे माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं. त्याआधीचा गायक शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जावं म्हणून गात असे; संगीत नाटकांतली सगळी गायकी याच गरजेवर पोसलेली, आणि कर्णा तर त्याहून निर्दयी. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज नाजूक, सुरेल, हळुवार लावलेला. त्यांच्या १९०५ च्या सुमाराच्या बिनविजेच्या तबकड्या आहेत आणि १९३० च्या दशकातल्या विजेच्याही. दोन्ही लागोपाठ ऐका. पहिल्या तबकड्यांत ताना आणि चपळाई कळते. दुसऱ्यांत तंबोऱ्याचा जवारीदार झणकार मागे उभा असतो, खाँसाहेब एका सुरावर थांबतात आणि तो सूर बारीक होत होत जिथे संपतो तिथपर्यंत ऐकू येतो. किराणा घराण्याची गायकी ज्या बारकाव्यावर उभी आहे तो बारकावा तबकडीवर उतरला तो माईकमुळे. ते १९३७ मध्ये गेले. वीज आणखी दहा-बारा वर्षं उशिरा आली असती तर तो बारकावा त्यांच्यासोबतच गेला असता.

मराठी भावगीतही त्याच दशकातलं. जी. एन. जोशी, गजानन वाटवे यांच्यासारख्यांचं ते गाणं कानाशी येऊन बोलल्यासारखं, ते कर्ण्यापुढे जगलंच नसतं. सिनेमाही तेव्हाच बोलू लागला. 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, पुढच्या वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत आला. तिथे माईकच्या विजेने प्रकाश कमी-जास्त केला जाई आणि आवाज फिल्मच्या कडेला काळ्या-पांढऱ्या पट्टीत उमटे. साठवायची जागा बदलली, साखळी तीच.

आवाज बिनतारी जाण्याची गोष्ट. माईकमधून आलेली वीज सरळ अँटेनाला का देत नाहीत? चांगली अँटेना लहरीच्या लांबीच्या पाव पट तरी हवी. १००० हर्ट्झच्या विद्युतलहरीची लांबी ३०० किलोमीटर, म्हणजे खांब हवा ७५ किलोमीटरचा. आकाशवाणीचं मुंबईचं अस्मिता केंद्र ५५८ किलोहर्ट्झवर. तिथे लहर साधारण ५३८ मीटर, पाव पट १३४ मीटर, एवढा मनोरा उभा करता येतो. म्हणून प्रवास करायचं काम या जलद लहरीला द्यायचं आणि आवाजाने फक्त तिची उंची कमी-जास्त करायची. पुन्हा तीच व्यवस्था: ट्रान्समीटरचे किलोवॅट विजेच्या कारखान्यातून येतात, निवेदकाच्या गळ्यातून त्यांची चाल येते. कॅनडाच्या रेजिनाल्ड फेसेंडनने १९०० च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये दीडेक किलोमीटरवर शब्द पोहोचवले होते, पण रेडिओ घरोघरी गेला तो व्हॉल्व्हने स्थिर लहर देणं सोपं केल्यावरच. मुंबईचं केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड अर्विन यांच्या हस्ते २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं, दीड किलोवॅटच्या ट्रान्समीटरवर. ते चालवणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी तीन वर्षांत बुडाली आणि काम सरकारकडे गेलं. ऑल इंडिया रेडिओ हे नाव १९३६ चं.

टेपबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. डेन्मार्कच्या वाल्डेमार पोल्सेनने १८९८ मध्येच पोलादी तारेवर चुंबकत्वाने आवाज टिपला होता. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने सम्राट फ्रान्झ जोसेफचा आवाज घेतला. कल्पना पूर्ण, पण वर्धक नाही, त्यामुळे आवाज कानाला लावायच्या नळीपुरताच. फ्रिट्झ प्फ्लॉयमरने १९२८ मध्ये कागदावर लोहचूर्ण चिकटवलं, एईजी या जर्मन कंपनीने १९३५ मध्ये बर्लिनला मॅग्नेटोफोन हे टेपचं यंत्र मांडलं. तरी ते तबकडीपेक्षा वाईटच वाजे. कारण लोहाचे कण हट्टी असतात: चुंबकाचा जोर एका मर्यादेपलीकडे गेल्याशिवाय ते दाद देत नाहीत, म्हणजे गाण्यातला हळुवार भाग वाकडातिकडा उतरतो. १९४० मध्ये जर्मन रेडिओच्या वाल्टर वेबर आणि फॉन ब्राउनम्यूल यांनी आवाजासोबत, कानाला ऐकू न येणारी अतिजलद वीज हेडला, म्हणजे टेपवर आवाज उमटवणाऱ्या चुंबकाला, द्यायला सुरुवात केली. तिने कण सतत हलते ठेवले आणि त्यांचा हट्ट मोडला. बारीकसारीक आवाज जसाच्या तसा बसू लागला. याला बायस म्हणतात. माझ्या स्टुडिओच्या काळात नवी टेप आली की पहिलं काम तिला बायस जुळवणं हेच असायचं. कमी पडला तर आवाज फाटका, जास्त झाला तर वरचे सूर मेलेले.

युद्धानंतर अमेरिकन अभियंता जॅक मलिनने अशी यंत्रं अमेरिकेत नेली, गायक बिंग क्रॉस्बीने १९४७ मध्ये आपला रेडिओ कार्यक्रम त्यांवर घेतला, १९४८ मध्ये अँपेक्स या अमेरिकन कंपनीचं यंत्र आलं. टेपने जोडकाम दिलं. टेप ब्लेडने तिरकी कापायची, पंचेचाळीस अंशांत; सरळ कापली तर सांध्यावर टक् असा आवाज येतो, तिरकी कापली की एक आवाज दुसऱ्यात सरकत जातो. एका टेकचा मुखडा आणि दुसऱ्याचा अंतरा एकत्र आणणं तेव्हापासूनचं.

डिजिटलवर फार रेंगाळत नाही. ॲलेक रीव्हज या टेलिफोन अभियंत्याने १९३७ च्या सुमारास आवाजाचे आकडे करायची कल्पना मांडली, १९८२ मध्ये सीडी आली आणि तिच्यात सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप होऊ लागलं. मधला साठा आकड्यांचा झाला. दोन्ही टोकं तीच. तुमच्या मोबाईलमधला माईक तांदळाच्या दाण्याएवढा असला तरी वेंटेच्या माईकच्याच तत्त्वावर चालतो, आणि स्पीकरमध्ये अजून वेटोळं चुंबकाच्या फटीतच हलतं.

आता घरातल्या तबकड्या. पहिली खूण कानाची: डग्ग्याची घुमक आणि मागचा तंबोरा ऐकू येत असेल तर तबकडी विजेची. दुसरी खूण डोळ्यांची. लेबल आणि शेवटची खाच यांच्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला क्रमांक भिंगाने बघा. एचएमव्हीच्या तबकड्यांवर क्रमांकापाशी छोटा त्रिकोण असेल तर ती वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पद्धतीची. चौकोन असेल तर १९३१ नंतरची, ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने त्या पद्धतीची रॉयल्टी टाळण्यासाठी स्वतंत्रपणे बनवलेल्या यंत्राची. काहीच खूण नसेल आणि आवाज पेटीत कोंडल्यासारखा असेल तर बहुधा बिनविजेची.

हा भेद उतरवून घेताना कामाचा. विजेच्या तबकडीत खालचे सूर मुद्दाम दाबून कोरलेले असतात, नाहीतर खाच एवढी हेलकावते की शेजारच्या खाचेत घुसते. वाजवताना ते परत उचलावे लागतात, ब्लमलाइनच्या पद्धतीत साधारण २५० हर्ट्झच्या खाली. बिनविजेच्या तबकडीत असं काही दाबलेलं नसतं. तिथे खालचे सूर उचलले तर नुसती घरघर वाढते. सुईही पाहून घ्या: एलपीची सुई साधारण २५ मायक्रॉनची, ७८ च्या खाचेला जवळजवळ तिप्पट रुंद लागते. एलपीच्या सुईने वाजवलं तर ती खाचेच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर येते. आणि तबकडी पुसताना स्पिरिट किंवा कोणतंही अल्कोहोल चुकूनही वापरू नका, लाख त्यात विरघळते. ऊर्ध्वपातित पाण्याचा एक थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने. लेबल कोरडं ठेवा आणि पूर्ण सुकल्याशिवाय पाकिटात घालू नका.